गेम अवघड असू दे, पण उडी मी सांगतो तिकडेच मार!

गच्चीवरचा_गेमर :

गेममध्ये हरण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बॉसनं धुतलं तर पुन्हा उभा राहीन, कोडं सुटलं नाही तर चहा टाकून येईन. पण मी समोरच्या कौलांवर उडी मारायला सांगावं आणि आमच्या पठ्ठ्यानं डावीकडच्या मोकळ्या हवेत झेप घ्यावी, हे काही केल्या पचत नाही. मरतो तो, आणि मागच्या चेकपॉइंटपासून परत यायचं मी.

सध्या असॅसिन्स क्रीडचे जुने भाग पुन्हा काढलेत. त्यातल्या एझिओ ह्या नायकावर आपला जीव आहे, फ्लॉरेन्सची छपरं आजही देखणी दिसतात, त्यावर वाद नाही. पण त्या भागांचा सगळा डोलारा एकाच गोष्टीवर उभा आहे: आपण ट्रिगर आणि एक बटण दाबून धरायचं, स्टिक ढकलायची, आणि पाय कुठे ठेवायचा, कुठे लटकायचं, कुठून झेपायचं ते गेमनं ठरवायचं. बहुतेक वेळा तो बरोबर ठरवतो, तेव्हा आपण खरंच वाऱ्यावर असतो. उरलेल्या वेळी, पहारेकरी मागे लागलेले असताना, गल्लीत वळायच्या ऐवजी साहेब भिंतीवर चढतात आणि खालून दगड खात पालीसारखे चिकटून बसतात. २०१४ च्या युनिटीत वर चढायचं आणि खाली उतरायचं बटण वेगळं केलं, तेव्हा वाटलं सुटलो. पॅरिसच्या भिंतींवरून झरझर उतरता येऊ लागलं, हे खरं. मग गाठ पडली खिडक्यांशी. खिडकी सताड उघडी, आत शिरायचंय, आणि त्यातला नायक आर्नो खिडकीच्या वर जातो, खाली जातो, बाजूला लटकतो. आत तेवढा जात नाही.

आता १९९६ च्या टॉम्ब रेडरमधली लारा क्रॉफ्ट घ्या. टँक कंट्रोल म्हणून लोक हसतात तिला. डावं-उजवं दाबलं की जागेवर गरगर वळते, पुढचं दाबलं की नाकासमोर धावते, एवढंच येतं तिला. पण त्या गेमची सगळी जमीन चौकोनांत आखलेली आहे. जागेवरून उडी मारली तर एक चौकोन रुंदीचा खड्डा पार होतो. धावत मारली तर दोन. धावत मारून हवेत असतानाच पकडायचं बटण धरलं तर तीन. शिफ्ट दाबून चालत गेलं की ती कडेला येऊन थांबते, पडत नाही. तिथून टुणकन एक उडी मागे, की धाव घ्यायला लागतं तेवढं नेमकं अंतर मिळतं. एकदा हे अंगवळणी पडलं की नुसता खड्डा बघून सांगता येतं, जमेल की नाही. लारा आखडू आहे, वळायला वेळ लावते, पण माझ्या मनातलं ओळखायचा आगाऊपणा करत नाही. पडलो तर माझा हिशेब चुकलेला असतो, आणि तो पुढच्या वेळी सुधारता येतो. एझिओ पडला तर मी काय सुधारू?

तर माझं म्हणणं एवढंच की आखडलेले कंट्रोल परवडले, अंदाज बांधणारे नकोत. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये तर कमाल आहे. कंट्रोलरवरचं एल२ बटण दाबलं की आपला नायक आर्थर समोरच्या माणसाकडे वळतो, मग त्याला रामराम घालता येतो. पण तेव्हा हातात पिस्तूल असलं तर त्याच एल२ नं ते थेट त्याच्या छातीवर रोखलं जातं. दुकानदाराची चौकशी करायला गेलो, पुढच्या मिनिटाला अख्खं गाव माझ्या मागे!

रस्ता सापडत नाही, नकाशा कळत नाही, ह्या दुसऱ्या दुखण्यावर खाली बोलूच. तुमच्या नाकी नऊ कुठल्या गेमनं आणले?


सायबरकॅफे_पिढी :

व्हाइस सिटी. खेळण्यातलं हेलिकॉप्टर. बास, आणखी काही लिहायला हवं का?

आमच्या पिढीतले निम्मे लोक त्या डिमॉलिशन मॅन मिशनपाशी अडकले ते तिथेच राहिले. टॉप फनची गाडी, त्यातून उडवायचं टीचभर हेलिकॉप्टर, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार ठिकाणी चार बॉम्ब नेऊन ठेवायचे. वर-खाली एका हाताला, पुढे-मागे झुकणं नमपॅडवर. कॅफेतल्या कीबोर्डवर नमपॅडची अर्धी बटणं आधीच्या पोरांनी ठोकून मारलेली. जिन्यात पंखा अडकला की संपलं. वर ते कामगार धावून येऊन हाणतात ते वेगळंच. तासाचे वीस रुपये त्या हेलिकॉप्टरात जायचे.

ज्यांचं अजून राहिलंय त्यांच्यासाठी: घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतं. त्याआधी हवा तेवढा वेळ आहे. आधी नुसतं हेलिकॉप्टर घेऊन आत जा, सगळे जिने बघून ठेवा, पंख्यानंच कामगार आणि वॉचमन साफ करा, मग बॉम्बला हात लावा. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दहावीला चार टक्के जास्त पडले असते.


पोह्यात_शेंगदाणे :

@सायबरकॅफे_पिढी जखमेवरची खपली काढलीत राव.


मुलाची_आई_खेळते :

गेमर, तुमचं निम्मं पटलं. रेड डेडबद्दल मात्र भांडणार.

मी पन्नाशीची आहे, लेकाचा रिमोट घेऊन बसते आणि तो गेम मी दोनदा पूर्ण केलाय. आर्थर जडच आहे हो. चिखलात जड चालतो, कपाट उघडायला हात पुढे करतो, एकेक डबा उचलून झोळीत टाकतो. लेक म्हणतो, आई किती वेळ काढतो हा. मला तेच आवडतं. सगळ्यांनाच माकडासारखं टणाटण उडता आलं पाहिजे असं कुठे आहे? घाई असलेल्यांनी त्या गेममध्ये जाऊच नये. सोबत्याच्या मागे घोड्यावरून जायचं असेल तर एक बटण नुसतं धरून ठेवलं की घोडा आपोआप त्याच्या चालीनं चालतो आणि मी निवांत त्यांच्या गप्पा ऐकते.

आणि मन न ओळखणारी पात्रं एवढी हवीत तर शॅडो ऑफ द कोलॉससमधली आग्रो घ्या ना. ती घोडी आहे, स्कूटर नाही. लगाम ओढला तरी लगेच वळत नाही. पण झाडावर जाऊन आपटत नाही, कड्यापाशी स्वतःहून अडते. तिच्या अकलेवर सोडलं तर ती मला सुखरूप नेते. तिथे अंदाज बांधलेला चालतो तर एझिओनं का नाही बांधायचा?

दुकानदारावर पिस्तूल रोखलं जातं ते मात्र खरंय. माझ्याकडून एका म्हाताऱ्याचा जीव गेला. लेक अजून चिडवतो.


गच्चीवरचा_गेमर :

काकू, आग्रोचा मुद्दा बिनतोड आहे, पण फरक सांगतो. आग्रो घोडी आहे हे गेम पहिल्या मिनिटापासून सांगतो. ती वेगळा जीव आहे, मी तिला विनंती करतो. एझिओ म्हणजे मीच असतो. माझाच पाय माझं ऐकत नाही, हा तो त्रास आहे.


रात्रपाळी_कोडर :

ह्याच धंद्यात आहे म्हणून थोडं लांबण लावतो. कंपनी विचारू नका.

गेम अंदाज बांधतो हे खरंच, पण सगळेच बांधतात, लाराचा सन्माननीय अपवाद सोडून. तुम्हाला जो गेम ‘मस्त हातात बसतो’ असा वाटतो तो सर्वांत जास्त लबाडी करत असतो. उदाहरणार्थ, कडा संपल्यावर पाय हवेत गेलेला असतो, तरी पुढच्या काही फ्रेम उडीचं बटण चालू ठेवलेलं असतं. कोयोटी टाइम म्हणतात त्याला, कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी दरीवर क्षणभर तरंगतो त्यावरून. तसंच जमिनीला पाय लागायच्या जरासं आधी उडी दाबली तर ती लक्षात ठेवून टेकल्याबरोबर मारली जाते. सेलेस्टमध्ये हे दोन्ही आहे, आणि तो गेम अवघड असूनही कुणी कंट्रोलला शिव्या देत नाही. अंदाज बरोबर निघाला तर दिसतच नाही, चुकला की तेवढाच दिसतो.

खरा घोळ होतो तो एका बटणावर पाच कामं घातली की. दार, शिडी, पडलेली बंदूक, मेलेला शत्रू, आणि बोलायला उभा असलेला माणूस, सगळ्यांना एकच बटण. मग आम्ही गुण देतो: कोण जवळ आहे, पात्राचं तोंड कुठे आहे, कॅमेरा कुठे बघतोय. जास्त गुण त्याला बटण. तुम्ही अर्धा पाऊल सरकलात की क्रम बदलतो. दार उघडायला गेलात आणि प्रेत उचललंत, ते ह्यामुळे. ह्यावर सरळ उपाय म्हणजे बटणं वाढवणं, आणि कंट्रोलरवर बटणं मोजकीच असतात.

दुसरी गोष्ट ॲनिमेशनची. १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया आठवा. जॉर्डन मेकनरनं आपल्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि फ्रेमवर फ्रेम गिरवून राजपुत्र काढला. म्हणून तो तसा खरा वाटतो. पण खरा माणूस धावता धावता क्षणात उलटा फिरत नाही, तसा तोही घसरत जाऊन मग वळतो. मधे कितीही बटणं बडवा. सुंदर हालचाल आणि चटकन ऐकणं ह्यांचं भांडण तेव्हापासून चालू आहे. रेड डेड एका टोकाला बसलाय, काकूंना ते टोक आवडतं. ह्यात चूक-बरोबर काही नाही.

टँक कंट्रोलबद्दल एक राहिलंच. पहिल्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये ते हौसेनं नव्हते ठेवलेले. तिथे कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला असतो, आणि दोन पावलं टाकली की दुसऱ्या कोपऱ्यात उडी मारतो. स्टिकची दिशा कॅमेऱ्यावरून ठरवली असती तर प्रत्येक उडीला ‘वर’चा अर्थ बदलला असता आणि झॉम्बीपासून पळणारा माणूस उलटा त्याच्याच मिठीत गेला असता. टँकमध्ये ‘पुढे’ म्हणजे पात्राच्या नाकासमोर, कॅमेरा काहीही करो.

आणि मंडळी, शिव्या द्यायच्या आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. चित्र गुळगुळीत करायची टीव्हीची स्वतःची जी प्रक्रिया चालते तिच्यात वेळ जातो. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. टीव्हीनं त्यातल्या चार-पाच खाल्ल्या तर एझिओ बिचारा काय करेल.


पोह्यात_शेंगदाणे :

गेम मोड लावला. भावाला ‘तुला खेळता येत नाही’ म्हणायचो, त्याची माफी मागायची वेळ आली बहुतेक. मागणार नाही.


दगडी_जिना :

रात्रपाळी, उत्तम प्रतिसाद. २०२४ मध्ये जुन्या टॉम्ब रेडरचे पहिले तीन भाग नव्यानं आले त्यात तुमच्या मुद्द्याचा पुरावाच आहे. आधुनिक कंट्रोलचा पर्याय दिलाय. लारा आता स्टिक ढकलू तिकडे छान पळते. पण लेव्हल जुन्याच, चौकोनांवर बेतलेल्या, त्यामुळे नव्या कंट्रोलवर उडीचं अंतर मोजताच येईना. गपचूप टँकवर परत आलो. चित्रं नवी आणि कंट्रोल जुने, ही माझी आवडती जोडी.

(अवांतर: दुसऱ्या भागात बंगल्यावरच्या म्हाताऱ्या बटलरला फ्रीजरमध्ये कोंडलं नाही असा कुणी आहे का इथे?)


नकाशा_उलटा_धरा :

आता रस्त्यांवर बोलू या का? माझं खरं दुखणं ते आहे.

जेडाय फॉलन ऑर्डर, २०१९. लाइटसेबर फिरवायला मजा येते, कॅल पोरगा गोड आहे, छोटा रोबो त्याहून गोड. त्या रोबोचा नकाशा मात्र देवानं शत्रूला देऊ नये. त्रिमितीय होलोग्राम, एकावर एक मजले, सगळं निळसर पारदर्शक. लाल दार म्हणजे अजून जमणार नाही, हिरवं म्हणजे आता जमेल, पिवळं म्हणजे बघायचं राहिलंय. तेवढं कळतं. पण मी ज्या मजल्यावर उभा आहे तो वरचा की खालचा, आणि त्या हिरव्या दारापर्यंत जायचं कुठून, ते काही केल्या उमगत नाही. झेफो ग्रहावर कामगिरी संपवून यानाकडे परत यायचं होतं. यानाकडे थेट पोचवणारी सोयच नाही, अख्खा ग्रह तुडवत या. बर्फाच्या घसरगुंडीवरून घसरलो की भलत्याच दरीत, तिथून चढलो की पुन्हा त्याच घसरगुंडीच्या तोंडाशी. शेवटी यान दिसलं तेव्हा साष्टांग घालावासा वाटला. २०२३ च्या पुढच्या भागात ध्यानाच्या एका जागेवरून दुसऱ्या जागेवर थेट जायची सोय दिली, म्हणजे ओरडणारा मी एकटा नव्हतो.

उलट टोक म्हणजे मिनिमॅप. कोपऱ्यातली ती वाटोळी चकती आणि तिच्यातली रेघ. एकदा ती दिसायला लागली की मी गेम बघतच नाही, रेघ बघतो. पन्नास तास खेळून झालेल्या शहरातला एक चौक आठवत नाही.


टेकडीवरची :

@नकाशा_उलटा_धरा घोस्ट ऑफ त्सुशिमा खेळ. मिनिमॅपच नाही. टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो, गवत आणि पानं आपल्याला जायचंय त्या दिशेला वाकतात. बस. डोळे पडद्याच्या मध्येच राहतात. सोनेरी पक्षी दिसला की त्याच्या मागे जायचं, कोल्हा दिसला की त्याच्या मागे. मी निम्मा गेम भरकटूनच खेळले आणि एकदाही हरवल्यासारखं वाटलं नाही.

झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्येही तसंच. टॉवरवर चढायचं, दुर्बिणीतून लांबची टेकडी बघून आपणच खूण करायची. खुणा आपल्या असल्या की रस्ताही लक्षात राहतो.


चष्मा_साडेसहा :

वारा, गवत, पक्षी, सगळं रम्य आहे. मला दिसत नाही.

रेसिडेंट ईव्हिल ४ च्या नव्या आवृत्तीत, कुठे चढायचं, काय फोडायचं ते दाखवणारे पिवळ्या रंगाचे पट्टे आले तेव्हा आणि २०२४ मध्ये फायनल फँटसी ७ रीबर्थच्या डेमोत कड्यांवर पिवळा रंग दिसला तेव्हा इंटरनेटवर किती दंगा झाला. ‘आम्हाला मूर्ख समजता का’ वगैरे. हल्लीच्या गेममध्ये प्रत्येक दगडाला शेवाळ, भेगा, सावली. त्यातला नेमका कोणता दगड धरता येतो आणि कोणता नुसता शोभेचा, हे माझ्यासारख्या अधू नजरेच्या माणसानं कसं ओळखावं? जुन्या गेममध्ये फरशीचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा दिसला की समजायचं. आता सगळंच खरं दिसतं, म्हणून सगळंच सारखं दिसतं.

लास्ट ऑफ अस भाग २ नं काय केलं बघा. साठाहून जास्त सोयी दिल्या. एक बटण दाबलं की कॅमेरा पुढे जायच्या वाटेकडे वळतो. कडेजवळ गेलं की आवाज आणि कंपनानं कळतं, आणि तोल जात नाही. ज्याला नको त्यानं बंद ठेवावं. माझ्या रंगामुळे तुमचा गेम बिघडत असेल तर रंगाला बटण द्या, मला बाहेर काढू नका.


गच्चीवरचा_गेमर :

चष्मा, ह्याच्याशी शंभर टक्के सहमत. शॅडो ऑफ द टॉम्ब रेडरमध्ये मारामारी, भटकंती आणि कोडी ह्यांची अवघडता वेगवेगळी लावता येते. भटकंती अवघड केली की कड्यांवरचा पांढरा रंग जातो. मी मारामारी सोपी आणि भटकंती अवघड ठेवून खेळलो. ज्याला उलट हवं त्यानं उलट ठेवावं. इतकं साधं आहे, मग सगळे का करत नाहीत कळत नाही.


रात्रपाळी_कोडर :

कारण प्रत्येक पर्यायाची वेगळी चाचणी करावी लागते आणि तोवर रिलीजची तारीख उरावर बसलेली असते.


मुठेकाठचा_भटक्या :

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी : ॲन एन्शंट एपिक कुणी खेळलंय का? २०२० चा. गोलू नावाच्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, हातात त्रिशूळ, आणि दुर्गा आणि विष्णू आपापसांत बोलत तिची गोष्ट सांगतात. राजस्थानी महालांसारख्या त्या हवेल्या बघून पहिल्यांदा वाटलं की अरे, हे आपल्या घरातलं कुणीतरी केलंय.

धाग्याच्या विषयावर सांगायचं तर कॅमेरा आपल्या हातात नाही. तो लांबून, वरून बघतो. चित्र म्हणून अप्रतिम. पण सज्जावरून खांबावर उडी मारताना खांब पुढे आहे की जरासा तिरका, ते कळत नाही, आणि राजी खांबाच्या शेजारून खाली जाते. कॅमेरा मागे ओढला की दृश्य मोठं होतं आणि काय जवळ, काय लांब ते कळेनासं होतं. तरीही खेळाच. चार-पाच तासांत संपतो, आणि त्या भिंतींवरून धावताना जे दिसतं ते बाहेरच्या कुठल्याही गेममध्ये दिसायचं नाही.


कीबोर्ड_झिंदाबाद :

सगळे कंट्रोलरवाले बोलतायत, आमचं कुणी ऐका. कीबोर्डवर बटण दाबलेलं असतं किंवा नसतं. हळू चाल, जरा भरभर चाल, हा प्रकार नाही. एखाद्या पात्रासोबत गप्पा मारत चालायचं मिशन आलं की आमची परीक्षा. तो चालतो माझ्या चालण्यापेक्षा भरभर आणि माझ्या धावण्यापेक्षा हळू. धाव, थांब, धाव, थांब. गंभीर संवाद चाललाय, कुणीतरी मेलंय, आणि मी त्याच्या भोवती प्रदक्षिणा घालतोय.

पीसीवर डार्क सोल्स आला २०१२ मध्ये, तेव्हा माऊस-कीबोर्डची अवस्था बघून रडू यायचं बाकी होतं. स्क्रीनवर सूचनासुद्धा कंट्रोलरच्या बटणांच्या. एका चाहत्यानं डीएसफिक्स नावाची दुरुस्ती काढली तेव्हा निदान चित्र तरी धड झालं.


दगडी_जिना :

कीबोर्ड, कंट्रोलर घे रे बाबा एक.


कीबोर्ड_झिंदाबाद :

घेतला होता. सहा महिन्यांत त्याची डावी स्टिक स्वतःहून उत्तरेला चालायला लागली.


टेकडीवरची :

@कीबोर्ड डेड झोन थोडा वाढवून बघ. बऱ्याच गेमच्या सेटिंगमध्ये असतो, नाही तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये सापडेल. स्टिकची मधली थोडी हालचाल गेम मोजत नाही, मग भटकणं थांबतं. फार झिजली असेल तर उपयोग नाही.


नकाशा_उलटा_धरा :

बरं, रडून झालं. ज्यात कंट्रोल नीट ऐकतात आणि रस्ताही सापडतो असं काही सांगा. दिवाळीच्या सुट्टीसाठी हवंय. फॉलन ऑर्डरनंतर माझा कशावर विश्वास उरलेला नाही.


गच्चीवरचा_गेमर :

प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन, जानेवारी २०२४. बाजूनं दिसणारा, द्विमितीय चालीचा. उडी दाबली की उडी, तेवढीच, तिथेच. आणि खास तुझ्यासाठी: एखादं दार उघडत नाही, पेटी हाताला लागत नाही, तर तिथेच बटण दाबून त्या जागेचा फोटो काढता येतो आणि तो नकाशावर तिथेच टाचला जातो. नंतर नवी शक्ती मिळाली की नकाशा उघडायचा, फोटो बघायचा, अरे हां हे ते, आणि तिकडे जायचं. ‘कुठेतरी एक हिरवं दार होतं बुवा’ हा प्रकारच संपला. पुढे कुठे जायचं ते दाखवणारा मोडही आहे, नको असेल तर बंद ठेव. उड्यांचे फार कठीण भाग टाळून पुढे जायची सोय आहे, चष्मा, तुम्हीही बघा.


मुलाची_आई_खेळते :

घोडा आहे का त्यात?


गच्चीवरचा_गेमर :

नाही काकू.


मुलाची_आई_खेळते :

मग लेकाला सांगते घ्यायला. मी त्सुशिमा बघते, तिथे आहे म्हणे.


नकाशा_उलटा_धरा :

फोटो टाचता येतो?? लावला डाउनलोडला. जागा करायला फॉलन ऑर्डर उडवला, बरं वाटलं.